घरामागची दफनभूमी: शोध कुठून आणि कुणापासून सुरू करायचा

तुमचा प्रश्न मला असा समजला. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलजवळच्या तुमच्या नव्या वसाहतीमागे झाडीत एक जुनी दफनभूमी आहे. निम्म्याहून जास्त थडग्यांवर नावच नाही, नुसते रानातले दगड उभे रोवलेले. जवळच्या एका कृष्णवर्णीय चर्चमधल्या आजी सांगतात की आमची माणसं तिथे आहेत. तुम्ही पाच मराठी कुटुंबं आणि चर्चमधली सात-आठ माणसं मिळून त्या जागेचा इतिहास शोधू पाहता. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: कुठल्या वेबसाइटवर शोधायचं आणि डेटाबेस कसा बांधायचा. शेवटी हळूच एक तिसरीही विचारली आहे, की आम्ही बाहेरचे, आम्हाला यात पडायचा अधिकार आहे का.

मी उत्तर कॅरोलिनातच एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागात 18 वर्षं काम करते आहे. अशा कितीतरी गटांबरोबर बसले आहे. कागद मिळाले नाहीत म्हणून गट मोडल्याचं मी फार थोड्या वेळा पाहिलं. गट मोडले ते बहुतेक एकाच कारणाने: काय शोधायचं, काय जगासमोर मांडायचं आणि सापडलेलं कुणाकडे राहायचं हे सुरुवातीला ठरलं नव्हतं. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

1991 मध्ये न्यूयॉर्कला मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला एका सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकन लोकांची अठराव्या शतकातली दफनभूमी लागली. आधी सरकारी यंत्रणेने आणि तिने नेमलेल्या संशोधकांनीच सगळं ठरवलं. शहरातल्या कृष्णवर्णीय लोकांनी जोराचा विरोध केला, तेव्हा काम थांबलं आणि अभ्यास हॉवर्ड विद्यापीठातल्या मायकेल ब्लेकी यांच्या चमूकडे गेला. या चमूने वंशज समाजाला विचारलं, की तुम्हाला यांच्याबद्दल काय जाणून घ्यायचं आहे? ही माणसं आफ्रिकेच्या कुठल्या भागातून आली, गुलामगिरीने त्यांच्या शरीराचं काय केलं, त्यांनी तिला तोंड कसं दिलं, असे प्रश्न त्यातून पुढे आले. 2003 मध्ये 419 जणांचे अवशेष पुन्हा सन्मानाने पुरले गेले आणि 2006 मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. हाडं तीच होती, पण प्रश्न कुणी विचारायचे हे बदललं आणि संशोधन बदललं.

तुमच्या गटालाही हेच लागू आहे. प्रश्न चर्चच्या लोकांनी ठरवावेत. कदाचित त्यांना सगळ्यांची वंशावळ नकोच असेल. एखाद्या आजीला फक्त आपल्या बहिणीचं बाळ कुठे पुरलं एवढंच कळायला हवं असेल. तेवढ्यासाठी सहा महिने खर्ची पडले तरी ते काम पूर्ण किमतीचं आहे, असं मी मानते.

आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवा. जॉन होप फ्रँकलिन हे पुढे मोठे इतिहासकार झाले, पण 1939 मध्ये संशोधक विद्यार्थी म्हणून रॅली या इथल्या राजधानीच्या शहरातल्या राज्य अभिलेखागारात आले तेव्हा तिथे त्यांच्या बसण्याची सोयच नव्हती. कृष्णवर्णीय माणूस तिथे अभ्यासाला येईल असं कुणाच्या मनातच नव्हतं. त्यांना काही दिवस थांबवून एक वेगळी खोली रिकामी करून दिली गेली. गोऱ्या कर्मचाऱ्यांना त्यांना कागद आणून द्यायला लागू नयेत म्हणून दप्तराच्या कोठारांची किल्लीही दिली. मग गोऱ्या अभ्यासकांनी आम्हालाही आत सोडा अशी तक्रार केली आणि किल्ली काढून घेतली गेली. तुमच्या चर्चमधल्या नव्वदीच्या आजींचं बालपण या काळाला लागूनच आहे. 'कागद आणा, आम्ही स्कॅन करून देतो' असं कुणी अनोळखी माणूस म्हणाला की त्या कुटुंबाच्या नोंदी असलेलं बायबल छातीशी धरतात, त्यामागे हा सगळा अनुभव आहे. घाई करू नका.

यासाठी मी दोन-तीन नियम लावते आणि ते पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून घेते. मूळ वस्तू घराबाहेर न्यायची नाही. स्कॅनर आपण त्यांच्या घरी न्यायचा, त्यांच्यासमोर स्कॅन करायचं, एक प्रत त्यांच्याच पेनड्राइव्हवर त्याच दिवशी द्यायची. मुलाखतीआधी साध्या भाषेतलं संमतीपत्र वाचून दाखवायचं, आणि त्यात 'हा भाग माझ्या हयातीत उघड करू नका' असं म्हणायची सोय ठेवायची. हयात माणसांची नावं, पत्ते, आजारपणं, डीएनएचे निकाल इंटरनेटवर टाकायचे नाहीत. दफनभूमीचं अचूक ठिकाणही वंशजांनी होकार दिल्याशिवाय नकाशावर चढवू नये. अशा जागांवरच्या वस्तू चोरीला जातात.

आता कागदांकडे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय वही उघडतात आणि पणजोबाच्या पणजोबाचं नाव वाचून दाखवतात. (ती वहीही सगळ्यांसाठी उघडत नव्हती, हे आपण विसरू नये.) इथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या शोधात 1870 ही भिंत आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसांची नावानिशी नोंद करणारी ती पहिली राष्ट्रीय जनगणना. 1850 आणि 1860 मध्ये त्यांच्यासाठी वेगळ्या याद्या होत्या. त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली नुसती वयं, लिंग, वर्ण. माणसाचं नाव जवळजवळ कुठेच नाही. भरीला 1890 ची बहुतेक सगळी जनगणना 1921 च्या वॉशिंग्टनमधल्या आगीमुळे गेली, म्हणजे 1880 नंतर थेट 1900.

नवखे लोक उत्साहाने 1860 च्या यादीवर उडी मारतात. तिथे 34 वर्षांचा पुरुष दिसला, आपला माणूस 1870 मध्ये 44 चा आहे, आडनावही मालकाचंच, मग जुळलं! असं जुळत नाही. वयं अंदाजाने लिहिलेली असत आणि सगळ्यांनीच शेवटच्या मालकाचं आडनाव घेतलं होतं असंही नाही. मी स्वतः ही चूक केली आहे. कामाच्या तिसऱ्या वर्षी एकाच नावाची दोन माणसं मी एक समजले आणि एका कुटुंबाला त्यांचा पूर्वज अमुक मळ्यावर होता असं सांगितलं. त्यांनी ते कौटुंबिक मेळाव्याच्या पुस्तिकेत छापलं. वर्षभराने खरेदीखत सापडलं तेव्हा कळलं की तो माणूस दुसराच. त्या काकांना फोन करून मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तेव्हापासून एका कागदावर कुणाचंही नातं मी पक्कं धरत नाही.

म्हणून उलट्या दिशेने या. आजच्या माणसापासून मागे. उत्तर कॅरोलिनात राज्यभर मृत्युनोंदी 1913 पासून सुरू झाल्या. दाखल्यावर आई-वडिलांची नावं, माहिती देणाऱ्याचं नाव आणि दफनाचं ठिकाण असतं. तुमच्यासाठी हे सोनं आहे, कारण दगडावर नाव नसलं तरी दाखल्यावर दफनभूमीचं नाव असू शकतं. मात्र एकाच जागेची तीन-चार नावं असतात: चर्चचं, जवळच्या रस्त्याचं, जमिनीच्या मालकाचं. ती सगळी नावं आजींना विचारून आधी लिहून काढा, नाहीतर निम्मे दाखले हातातून निसटतील. 1920 मध्ये 70 वर्षांची म्हणून गेलेली बाई बहुधा गुलामगिरीत जन्मली होती, आणि तिच्या दाखल्यावर आईचं नाव असेल तर एका कागदाने तुम्ही 1870 च्या भिंतीपलीकडे पाहिलंत.

भिंतीच्या आसपास 1865 ते 1872 या काळातले कागद सर्वांत मोलाचे. 1866 च्या कायद्याने इथल्या मुक्त झालेल्या जोडप्यांनी काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) क्लार्कपुढे किंवा न्यायाधिकाऱ्यापुढे येऊन आम्ही नवरा-बायको म्हणून कधीपासून राहतो हे नोंदवायचं होतं. सगळ्या काउंट्यांच्या नोंदी उरलेल्या नाहीत, पण ज्यांच्या आहेत त्या राज्य अभिलेखागारात पाहता येतात. '21 वर्षं' असं तिथे लिहिलेलं दिसतं तेव्हा लक्षात येतं की कायद्याने ज्याला लग्न मानलंच नाही ते या माणसांनी कसं निभावलं होतं. त्याच काळातली फ्रीडमेन्स ब्युरोची, म्हणजे मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या केंद्र सरकारच्या खात्याची, दप्तरं आहेत: मजुरीचे करार, शिधावाटप, शाळा, दवाखाने, तक्रारी. 19 जून 2015 रोजी या दप्तरांची नामसूची करायला सुरुवात झाली आणि वर्षभरात 25 हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी सुमारे 18 लाख नावं उतरवून काढली. ती फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतात. फक्त सूचीवर थांबू नका, मूळ पानाचं चित्र उघडा. करारावर साक्षीदार कोण, शेजारच्या ओळीत कोण, हे सूचीत येत नाही.

त्याही मागे जायचं तर गुलाम ठेवणाऱ्यांचे कागद धुंडाळावे लागतात: मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, खरेदीखतं. इथलं रजिस्टर ऑफ डीड्स म्हणजे आपलं दुय्यम निबंधक कार्यालय. जमिनीच्या खतांच्याच वह्यांत माणसांची विक्री नोंदलेली असते. वेक काउंटीच्या या कार्यालयाने रॅलीच्या शॉ विद्यापीठाबरोबर, स्वयंसेवकांच्या मदतीने, जुन्या वह्यांमधून अशी खतं वेगळी काढली. ग्रीन्सबरोच्या विद्यापीठाचा अशा खतांचा राज्यभराचा संग्रहही ऑनलाइन आहे. जवळच दरॅमला स्टॅगव्हिल हा जुना मळा आहे. तिथल्या बेनेहन-कॅमरन कुटुंबाकडे 1860 च्या सुमारास जवळपास 30 हजार एकर आणि 900 च्या आसपास गुलाम केलेली माणसं होती. त्यांचे कागद चॅपल हिलच्या विद्यापीठात आहेत. तुमच्या भागातली काही कुटुंबं तिथपर्यंत पोहोचू शकतात. पण हे आधी गृहीत धरू नका, आणि 1865 आधी सगळेच गुलाम होते असंही धरू नका. या राज्यात 1860 मध्ये 30 हजारांवर स्वतंत्र कृष्णवर्णीय होते. त्यांची नावं 1850 आणि 1860 च्या सर्वसाधारण जनगणनेत सापडतात.

इथे एका गोष्टीवर भर देते. एकट्या माणसाचा माग काढू नका, माणसांचा घोळका धरा. भाऊबंद, शेजारी, साक्षीदार, जामीन राहिलेला, कबरीच्या शेजारी पुरलेला. आपल्याकडे गावात कुणाची ओळख पटवायची तर 'कुणाचा जावई, कुठल्या आळीतला' असंच विचारतात ना? 1870 मध्ये एका रांगेत राहणारी पाच कुटुंबं 1866 च्या करारावरही एकत्र दिसली, आणि तीच नावं एखाद्या मृत्युपत्रात वाटून दिलेल्या माणसांमध्ये आली, तर तिथे पाय रोवायला जागा आहे. हे एकट्याच्या डोक्यात मावत नाही. गटाचा खरा उपयोग इथे होतो.

तुमच्यात सॉफ्टवेअरची माणसं बरीच आहेत, म्हणून डेटाबेसबद्दल आग्रहाने सांगते: पहिलं वर्ष एक्सेल पुरे. प्रत्येक ओळ माणसाची नको, विधानाची ठेवा. 'मेरी ही जॉनची बायको' हे एक विधान. पुढे: कुठल्या कागदावरून, कागद कुठे आहे, कुणी पाहिला, कधी पाहिला, किती खात्री. आजींनी सांगितलं असेल तर 'तोंडी, अमुक तारीख' असं लिहा आणि ते खालच्या दर्जाचं समजू नका. दाखल्यावरचं आईचं नावही शेवटी कुणीतरी तोंडीच सांगितलेलं असतं, आणि सांगणारा दुःखात असतो. दोन पुरावे भांडत असतील तर दोन्ही ओळी राहू द्या. एक खोडून टाकायचा मोह फार होतो.

जुनं हस्ताक्षर वाचायचं काम जोडीने करा. एक चर्चचा, एक तुमच्यातला. दोघांनी वेगवेगळं उतरवायचं, मग ताडून पाहायचं, फरक पडला तर तिसऱ्याने. तुम्हाला 'टी' आणि 'एफ' मधला फरक लवकर दिसेल, त्यांना आडनाव चटकन ओळखू येईल, कारण ते आडनाव दर रविवारी त्यांच्या शेजारच्या बाकावर बसतं. स्पेलिंग सुधारू नका. कागदावर अपमानकारक शब्द असतील तर नकलेत ते तसेच ठेवा, पण आपल्या मथळ्यात, बोलण्यात आणू नका. मराठीत लिहाल तेव्हाही एक विचार करा. 'त्याच्याकडे 40 गुलाम होते' आणि 'त्याने 40 माणसांना गुलाम करून ठेवलं होतं' या दोन वाक्यांत कर्ता कोण हे बदलतं. मी दुसरं लिहिते.

किती वेळ लागेल, काय सापडेल, हे मात्र परिस्थितीवर आहे. जमीन कुणाच्या नावावर आहे हा पहिला मुद्दा. वसाहतीच्या संघटनेची, बिल्डरची, की चर्चची अजून? मालकी नसली तरी इथल्या कायद्यात वंशजांना कबरींपर्यंत जाण्याचा मार्ग आहे. मालक परवानगी देत नसेल तर ते सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे अर्ज करू शकतात. तो अर्ज वंशजांनी करायचा, तुम्ही मागे उभं राहायचं. मालकीच्या खतांची साखळी तुम्ही काढून देऊ शकता, सातबाऱ्यावरचे फेरफार मागे मागे पाहत जावेत तशी. त्यात एखाद्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याची जमीन कधी, कशी, किती पैशांत गेली हे दिसेल. 1959 नंतर रिसर्च ट्रँगल पार्क हे संशोधन कंपन्यांचं संकुल वाढत गेलं आणि इथली शेतं वसाहती झाली. आपली बरीच घरं त्याच जमिनींवर उभी आहेत. तुम्ही 'बाहेरचे' असाल, पण त्या खतांच्या साखळीतली शेवटची कडी तुमची आहे. तुमच्या अधिकाराच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर हे आहे.

आणि जुनं एक नातंही आहे. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सत्पुरुषांना. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या, आणि डू बॉइस यांनी उत्तर पाठवलं. चर्चमध्ये कुणी विचारलं की तुम्हाला यात रस का, तर हे सांगा. मी सांगितलं तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेने आंबेडकरांबद्दल तासभर प्रश्न विचारले. मग तिने तिच्या आजीची गोष्ट सांगितली, जी तिने आधीच्या चार भेटींत सांगितली नव्हती.

प्रत्यक्ष जागेवर जाताना थोडं जपून. काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. पानं गळलेली असतात, खड्डे आणि दगड दिसतात, साप आणि गोचिड्याही कमी. पूर्व-पश्चिम लांबट खोलगट जागा म्हणजे बहुधा कबर. युक्का, देवदार, जमिनीवर पसरलेली सदाहरित व्हिंका ही झाडं अनेकदा मुद्दाम लावलेली असतात, रान समजून उपटू नका. शिंपले, काचेची भांडी, फुटकी बशी दिसली तर तीही कचरा नाही, कबरीवर ठेवलेली आहे. आधी फोटो काढा, आराखड्यावर जागा मांडा आणि हात लावू नका. दगड धुवायचा तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. ब्लीच नको, तारेचा ब्रश नको, अक्षरं वाचायला खडू किंवा पीठ चोळणं तर अजिबात नको. जमिनीखालचं रडारने पाहायचं की नाही हे खूप पुढचं, पैशाचं आणि पुन्हा वंशजांनी ठरवायचं काम.

पहिल्या बैठकीला लॅपटॉप नेऊ नका. 1938 च्या सुमाराचा तुमच्या भागाचा हवाई फोटो किंवा जुना नकाशा मिळाला तर मोठ्या कागदावर छापून न्या, जाड पेन्सिली न्या आणि टेबलावर मधोमध पसरा. आजींना विचारा, जुना रस्ता कुठून जायचा, शाळा कुठे होती, पाणी कुठून आणायचात, अंत्ययात्रा कुठल्या वाटेने यायची. तुमच्यापैकी एकाने फक्त ऐकायचं आणि एकाने फक्त लिहायचं. सगळं झाल्यावर तो नकाशा त्यांच्याकडेच ठेवून या. दोन आठवड्यांनी परत जाल तेव्हा त्यावर तुम्ही न विचारलेली नावं कुणीतरी लिहून ठेवलेली असतील, आणि तुमच्या एक्सेलची पहिली ओळ तिथून भरायला घ्या.